रुमालाखालचा हात

रोपं लावायला माळ चराईला बंद करायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. दोन शेळ्यांवर सुरुवात करून आष्टीच्या बाजारात शेळ्यांचा व्यापारी म्हणून मी नाव कमावलं. माझ्या सगळ्या शेळ्या त्याच माळावर वाढल्या. तो सल अजून गेलेला नाही.

ठरवणारे आमच्या गावचे निवृत्त गुरुजी. बौद्धवाड्यातले, ध्यान शिकून आलेले. रविवारी सकाळी ते ऊसतोडीहून परतलेल्या बाया आणि शाळेची पोरं माळावर बसवत. आधी डोळे मिटून श्वासाकडे बघायचं, मग कानावर काय काय आलं ते सांगायचं, मग ज्याने त्याने आपल्या रोपाला पाणी घालायचं.

मी भांडायलाच गेलो. "मला कावून विचारलं न्हाई, गुरुजी?"

"बसा. बसल्यावर बोलू."

"बसायला मी काय सोयरा हाय?"

एक बाई म्हणाली, "तात्या भ्यालेत! डोळे मिटले अन् कुणी शेळी पळवली तर?"

सगळे हसले. ते हसू मला लई लागलं. दुसऱ्या दिवशी काटेरी कुंपण सारून मी शेळ्या आत घातल्या. दुपारपर्यंत रोपांच्या नुसत्या काड्या उरल्या.

संध्याकाळी गुरुजी दारात आले. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात. मी हातावर रुमाल टाकला आणि पुढे केला. "दाबा बोट. काय ते ठरवून टाकू."

मला उन्हाळ्यापुरता एक कोपरा हवा होता, बाकी काही नाही. पण आधी बोलेल तो हरतो, हे मी बाजारात शिकलेलो. गुरुजींनी रुमालाखाली हात घातला. एकही बोट दाबलं नाही. नुसता माझा हात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "रविवारी या."

मी हात हिसकावून घेतला. रविवारी मुद्दाम गेलो नाही. पुढच्याही नाही. पावसाळा सरता सरता गुरुजी गेले. त्या दिवशी मी बाजारात होतो. मातीलाही पोचलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बायांनी नवं कुंपण घातलं. ओढ्याकडची हिरवी पट्टी बाहेर राहिलेली. माझी थट्टा केलेल्या त्याच बाईला मी म्हणालो, "कुंपण चुकलंय तुमचं."

"चुकलं न्हाई, तात्या. गुरुजींनीच ती पट्टी तुमच्या शेळ्यांसाठी ठेवलीय. रोपं खाल्ली त्याच्या आधीपास्नं. तुमी बसल्यावर सांगणार व्हते."

"मग आधी सांगायचं ना! असा सौदा असतो का?" मी ओरडलो. या वेळी ती हसली नाही.

आता शेळ्या त्या पट्टीत चरतात आणि रविवारी मी कुंपणाला टेकून बसतो. आधी सांगितलं असतं तर मी पट्टी घेऊन घरी गेलो असतो, बसलो नसतो. हे मला कळतं. तरी त्यांच्यावरचा राग जात नाही. आता बसलोय, तर बोलायला तेच नाहीत.