न पाहिलेलं तोंड

मामाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाला शाळेत शिकवत होते. दवनीवाड्याला पोहोचले तोवर अंगणात गाव जमलं होतं. एकेक जण वाकून त्यांचं तोंड पाहत होता आणि बाजूला होत होता. आमच्याकडे तोंड पाहिल्याशिवाय मयत उचलत नाहीत. महिना होत आला, तरी ते दृश्य डोळ्यांपुढून हटत नाही... कारण त्यांच्या थोरल्या भावाच्या वाट्याला एवढंही आलं नव्हतं.

मामाजी महाहट्टी. धानाच्या बांधीत चिखल कसा हवा इथपासून भाचीनं विज्ञान कसं शिकवावं इथपर्यंत शेवटचा शब्द त्यांचाच. मामीला मात्र फार जपत. तिला जुनी शुगर, म्हणून स्वतःही बिनसाखरेचा चहा घेत आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत.

करोनात थोरल्या मामांना अॅम्ब्युलन्स घेऊन गेली. परत आलं ते डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये बांधलेलं, तेही थेट घाटावर. फक्त तोंड दाखवा म्हणून मामाजींनी हात जोडले. नियम आड आला. मग चौकात बोलणं सुरू झालं, की दवाखान्यात किडन्या काढतात, म्हणून असं बांधून देतात. लस आली तर तिच्याबद्दलही तसंच, टोचली की थोड्याच दिवसांत माणूस जातो. मामाजी हे पोटतिडकीनं सगळ्यांना सांगत. मामीला तर केंद्राच्या वाटेलाही जाऊ देईनात.

मी चिडले. शुगरवाल्यांना धोका जास्त, आणि मला मामी हवी होती. ओसरीवर बसून मी वर्गात शिकवावं तसं सगळं समजावलं. मामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुनं पायलं काय दादाचं तोंड?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मी बी नाही पायलं. मले काय मालूम, त्यात कोन होता? जे एवढं लपवतात, त्यायचं कोनतं खरं मानू?"

अफवा अडाणीपणातून पसरतात, असं मी पोरांना शिकवत आले होते. पण ज्याला शेवटचं पाहूही दिलं नाही, तो माणूस उरलेलं मनानं रचतो. किडनीचोर असला तर निदान रागवायला कुणीतरी असतं. नुसत्या प्लास्टिकवर किती रागवणार...

धानाची रोवणी आटोपल्यावर मामाजी स्वतः मामीला केंद्रावर घेऊन गेले, लस देऊन आणलं. मी खूश. हट्टी माणसाला कसं वळवलं, हे स्टाफरूममध्ये कितीदा रंगवून सांगितलं असेल.

मामाजींची तेरवी झाल्यावर मामीजवळ बसले होते. त्यांना वळवल्याचं तिलाही बोलून दाखवलं, तर ती जरा हसली.

"तुयं काई नाही पटलं त्यायले," ती म्हणाली. "एक दिवस मुर्री गावाले जातो म्हनून गेले, अन् तिकडं इंजेक्शन टोचून आले. त्याच्या आधी बियानं कुठी, चाब्या कुठी, सारं मले सांगून ठेवलं. मंग त्या मागच्या खोलीत एकटेच झोपत होते. मले काई समजलंच नाही. रोवना सरला तवा म्हनाले, मी जित्ता आहो, आता तू चाल."

तिनं त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"मी लय भांडली. म्हटलं, तुमाले काई झालं असतं तं? म्हनाले, तुले तं नसतं झालं ना."

मामी आता त्याच खोलीत झोपते.