लारिसाने किल्ली परत केली

विमान समुद्रावरून वळलं आणि खाली दुबई दिसली. आधी नुसती वाळू, मग एकदम काचेच्या इमारती. मी मात्र इमारती बघायला आले नव्हते. माझी भाची ईरा बॅले शिकत होती, म्हणजे पायाच्या बोटांवर तोल सांभाळत करायचा तो युरोपातला नाच. तिचा कार्यक्रम बघायला मी पुण्याहून निघाले होते.

"ताई, कार्यक्रमाचं जरा कठीण दिसतंय," माझा भाऊ सुहास विमानतळावरच म्हणाला.

ईराला दोघी मिळून शिकवायच्या, युक्रेनची ऑक्साना आणि रशियाची लारिसा. २००८ ची मंदी आली तेव्हा त्या इथल्या एका हॉटेलात नाचत. शो बंद पडला, बाकीच्या मुली मायदेशी परतल्या. या दोघी एका खोलीत राहिल्या आणि दुबईतल्या ऊद मेथा भागात मुलांना शिकवू लागल्या. आता दहाएक वर्षांनी त्यांच्या देशांत वैर पेटलं होतं. दोन देशांमधला मैत्री करार पुढे वाढवायचा नाही असं युक्रेनने ठरवलं होतं, आणि त्याची मुदत संपत आली होती.

दुसऱ्या दिवशी सुहासची बायको मेधा मला क्लासला घेऊन गेली. ऑक्सानाने वारेनिकी (बटाटा भरून उकडलेल्या करंज्या) पुढे केल्या. मी दुसरी उचलते तोच हॉलचा मालक आला. तोही रशियन. कार्यक्रमाच्या बॅनरवर ऑक्सानाच्या नावावर बोट ठेवून तो लारिसाला म्हणाला, "हे काढ. माझ्या हॉलमध्ये हे नाव चालणार नाही."

लारिसाने पर्समधून हॉलची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "खलास (संपलं)."

"आपले लोक काय म्हणतील?"

"तोंडावर येऊन म्हणू देत."

तो गेल्यावर मला राहवेना. "करार संपतोय याचं वाईट वाटतं?" मी ऑक्सानाला विचारलं.

"मुळीच नाही! माझ्या भावाचा पाय गेलाय रशियाशी लढताना. करार त्यांनी केव्हाच पायदळी तुडवला होता."

मी चपापून लारिसाकडे पाहिलं.

"बरोबर बोलतेय ती," लारिसा म्हणाली. "आईला फोनवर हेच सांगितलं. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही."

हे कळल्यावर काही रशियन पालकांनी क्लासमधून मुली काढून घेतल्या. सुहासने रास अल खोरमधल्या मित्राचा फर्निचरचा कारखाना कार्यक्रमासाठी मागून घेतला. शुक्रवारी सुट्टी होती. आम्ही यंत्रं भिंतीला सरकवली, भुसा झाडला, बॅनर टांगला. दोन्ही नावांसकट.

"यल्ला (चला)!" ऑक्साना ओरडली आणि संगीत सुरू झालं. पहिल्याच गिरकीला ईरा उरलेल्या भुशावरून घसरून आपटली. मी धावणार, तोच ती उठली, हनुवटी वर केली आणि तीच गिरकी पुन्हा घेतली. मग मात्र मी रडले.

"आत्या, इट वॉज जस्ट अ फॉल," नंतर तिनेच मला समजावलं.

पुण्याला परतल्यावर पेपरात आतल्या पानावर दोन ओळींची बातमी दिसली, मैत्री करार संपुष्टात आला. देशांनी काय करावं ते मला कळत नाही. पण लारिसाने आई गमावली आणि मैत्रीण सोडली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी मेधाला फोन लावला.

"क्लास?" ती म्हणाली. "चालूय की! आत्ता दोघी ईराला ओरडताहेत. एक रशियनमध्ये, एक युक्रेनियनमध्ये. आणि कार्टीला दोन्ही कळतंय."