बोयावरचा कंदील

नव्वदच्या दशकात मी बहरीनमध्ये बंदराच्या एका ऑफिसात क्लार्क होतो. साहेबांनी मला ब्रिटिशांच्या काळातल्या फायली लावायला दिल्या. त्यातली एक जाडजूड फाइल बंदराच्या तोंडाशी पाण्यावर तरंगत ठेवायच्या एकाच बोयाची होती. उथळ पाण्याची खूण म्हणून तिथे दिव्याचा बोया हवा, हे सगळ्यांना मान्य होतं. खर्च मुंबईतल्या साहेबांनी करायचा की लंडनमधल्या, यावर मात्र वर्षानुवर्षं पत्रं चालली होती. मधेच एक जहाज तिथे रुतलं, तेही अतिशय सभ्य इंग्रजीत नोंदवलेलं होतं. मी खूप हसलो.

त्याच आठवड्यात एक म्हातारा बहरिनी मच्छीमार ऑफिसात आला. “बोये की बत्ती मफी,” तो म्हणाला. दिवा बंद पडला होता. मी साहेबांना सांगितलं.

“तो बोया आपल्याकडे येतो की दुसऱ्या खात्याकडे, ते आधी विचारून घ्या.”

मी पत्र लिहिलं. जुन्या फायलीतली दोन वाक्यं तशीच उचलली. साहेबांना माझं इंग्रजी फार आवडलं.

उत्तर येईना, तेव्हा म्हाताऱ्याने स्वतःच बोयाला कंदील बांधला. त्याची दखल मात्र दोन्ही खात्यांनी लगेच घेतली. विनापरवाना दिवा लावल्याची नोटीस मीच टाइप केली. ती घ्यायला तो आला, तेव्हा मी त्याला चहा पाजला आणि मजकूर हिंदीत समजावला.

त्याने शांतपणे विचारलं, “मैं निकालेगा, तो आप लगाएगा?”

“इंशाल्ला,” मी खाली बघत म्हणालो.

कंदील त्याने काढला नाही. दुसरी नोटीस मी टाइप केली नाही.