गच्चीवरची तार

आईच्या केसांना शिकेकाईच्या जोडीने राळेचा वास यायचा. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सहायक होती. दुपारी परतली की डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत, ओट्यालगतच्या फळीपाशी, तापलेले सोल्डरिंग आयर्न घेऊन बसे. कथिलाचा चंदेरी थेंब तारेवर टेकला की निळसर धुराची एक रेघ उठे आणि शेजारच्या कढईतल्या फोडणीत हलकेच मिसळून जाई…

आई हॅम होती. म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून हौसेने वायरलेस चालवणारी. लोणच्याच्या बरण्यांशेजारी तिचा सेट असे आणि तिथून निघालेली तांब्याची तार खिडकीतून वर जाऊन गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून एका बांबूपर्यंत ताणलेली असे. शर्यती, मिरवणुका, जत्रा – जिथे स्वयंसेवकांचे निरोप पोचवायला कुणी हवे असे, तिथे ती रविवारी डबा घेऊन जाई. या कामाचे तिला काही मिळत नसे. ते तिने कधी मागितलेही नाही.

मी चौथीत असताना एका श्रावणात कल्याणच्या खाडीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. वीज गेली, फोन मुके झाले. आईने सेट गाडीच्या बॅटरीवर जोडला. तिचा एक सहकारी कल्याणमध्ये एका शाळेच्या वरच्या मजल्यावर सेट घेऊन बसला होता. सकाळीच तिसऱ्या मजल्यावरचे सबनीसकाका, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, दारात येऊन उभे राहिले. त्यांची लेक वैशाली दिवस भरलेली, कल्याणला तळमजल्यावर राहत होती. आईने त्यांना पाणी दिले, पत्ता विचारला आणि सेटवरून कल्याणला एकेक अक्षर सुटे करून सांगू लागली. पलीकडून उत्तर येईना तर पुन्हा, आणि पुन्हा. दुपार कलताना खरखरीतून आवाज आला – वैशाली शेजाऱ्यांच्या गच्चीवर आहे, होडी निघाली आहे. दिवेलागणीला कळले, ती दवाखान्यात पोचली, मुलगी झाली. काकांनी देवाला लावावा तसा सेटला हात लावला आणि ते रडले. हे मी पाहिले आहे.

म्हणूनच पुढचे मला शांतपणे लिहिता येत नाही – लिहायचेही नाही.

तीन वर्षांनी सोसायटीच्या सभेत विषय निघाला: गच्चीवर मोबाइलचा मनोरा बसवायचा आहे, जागा मोकळी हवी. मग एकेकाला काय काय आठवले! त्या तारेने वीज पडेल, तिच्या लहरींनी डोकी दुखतात, इमारतीला शोभत नाही. ठराव मांडला सबनीसकाकांनी, आणि हात वर करणाऱ्यांत पहिला हात त्यांचाच. आई नुसती बसून राहिली. पुढच्या रविवारी ती ठाण्यात एका शर्यतीच्या कामाला गेली असताना दोन माणसे वर चढली आणि पकडीने तार तोडून खाली टाकली. मी जिन्यात काकांना अडवले, वैशालीताईचा निरोप याच तारेवरून आला होता म्हणून ओरडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“अगं, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता घरोघरी फोन आलेत.”

तो हात मी झटकला. आजही कुणी मायेने डोक्यावर हात ठेवला तर मान आपोआप बाजूला होते.

आईने घरी येऊन तार गुंडाळली. तू का भांडली नाहीस, मी विचारले.

“मी भांडले असते, तर पुढच्या पुरात काकांना आपल्या दारात यायची लाज वाटली असती,” ती म्हणाली. “माणूस यायला हवा गं.”

या उत्तराचा मला सगळ्यांत जास्त राग आला. तिचा सेट ठाण्यात नौपाड्याला, तिच्या हॅम मित्राच्या – दातारकाकांच्या – घरी गेला आणि पुढची वीस वर्षे ती रिक्षा, लोकल बदलत तिथे जात राहिली.

यंदा आई गेली. सोसायटीच्या शोकसभेत वाकलेले, काठी टेकणारे सबनीसकाका तिच्या सेवेबद्दल बोलले, फार सुंदर बोलले. ते बसल्यावर मी उठले.

“काका, त्या सभेत पहिला हात तुमचा वर गेला होता.”

ते म्हणाले, “हो.” एवढेच. वाटले होते, हे ऐकून माझ्या आत काहीतरी निवेल. निवले नाही.

त्या संध्याकाळी दातारकाकांनी मला नौपाड्याला बोलावून घेतले. हॅम गेला की त्याच्या सांकेतिक नावाने शेवटची हाक घालतात, ते म्हणाले. त्यांनी आईचे नाव तीनदा पुकारले. प्रत्येक वेळी बोलायचे बटण सोडून उत्तरासाठी थांबले. नुसती खरखर… मग पालघरहून एक आवाज आला, कर्जतहून एक, रोह्याहून एका बाईंचा. एकेक जण आपले नाव सांगून, आईला नमस्कार सांगून बाजूला होत होता. मी पस्तीसपर्यंत मोजले आणि मग मोजणे सोडून दिले. यांतल्या एकाचाही चेहरा मी कधी पाहिला नव्हता.