चौथा डबा

हॉलंडातल्या फोरबर्गच्या त्या फ्लॅटला किल्ल्या दोनच. एक मुलाकडे, एक सुनेकडे. तिसरी करायची तर किल्लीवाल्याला घरमालकाचं कार्ड दाखवावं लागतं, आणि घरमालक स्पेनला जाऊन बसलेला. दार ओढलं की आपोआप लॉक. म्हणजे मी बाहेर पडलो की संध्याकाळी सहापर्यंत बाहेरच. म्हणून मी आतच. "हिवाळाभर गावी एकटे कसे राहाल?" म्हणत मुलाने मला मोठ्या प्रेमाने आणलेलं, आणि इथं मी दिवसभर एकटाच. खिडकीतून ट्रॅम मोजायचो. शाळेत गेलो नाही, शंभराच्या पुढं मोजता येत नाही. शंभर झाले की परत एकपासून.

बुधवारी सून घरून काम करायची, तेवढी माझी सुटका. अशाच एका बुधवारी चौकातल्या हॉलवरून जाताना आतून प्रोजेक्टरचा आवाज आला, आणि तो बिघडलेला होता. वीस वर्षं जत्रेतल्या तंबू थेटरात मशीन चालवलेला माणूस मी, पाय थांबतायत होय! वर मशीनच्या केबिनमध्ये चढलो. फिल्म क्लबच्या बाई घामाघूम झालेल्या, मशीनमध्ये रीळ अडकलेलं. मी त्यांना बाजूला सारून सोडवलं. तेव्हापासून दर बुधवारी मशीन माझं. बाई डचमध्ये बोलायच्या, मी मराठीत. भांडण एकदाही झालं नाही.

त्या हिवाळ्यात एका फ्रेंच डायरेक्टरचे सगळे सिनेमे ओळीनं लावले होते, दर बुधवारी एक. मला फ्रेंच कळेना, पण त्याची चाळीस वर्षं मी रिळांच्या डब्यांवरून ओळखली. पहिल्या सिनेमाचे पाच डबे: पोरंपोरी नुसती धावतायत, कॅमेरासुद्धा धापा टाकतोय. मग एकदम नऊ डबे: घोडे, राजवाडे, आणि एक नटी अशी, की तिच्यापायी मी फोकस करायचा विसरलो. पुढं डबे कमी होत गेले, पडद्यावरची माणसंही. शेवटच्या सिनेमात एक म्हातारा आणि एक स्वयंपाकघर, बस्स.

त्यातला चौथा डबा मी आधी लावून बघितला होता. म्हातारा बटाटे सोलतो. दाराकडे बघतो. परत बटाटे. वीस मिनिटं! आमच्या जत्रेत हे दाखवलं असतं तर लोकांनी तंबू पाडला असता. तिथं रीतच होती, पब्लिक चुळबुळलं की ऑपरेटरनं डबा गाळायचा.

शेवटच्या बुधवारी डायरेक्टर स्वतः आला. मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसला. तिसरा डबा संपत आला आणि हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. मला तेवढं पुरलं. तिसऱ्यावर थेट पाचवा चढवला. मनात म्हटलं, डायरेक्टरची अब्रू वाचवली, आता सत्कार होणार.

दिवे लागले तसा तो लोखंडी जिना चढून वर आला. पुढं मशीन, मागं भिंत, दारात तो. चौथ्या डब्यावर बोट आपटून फ्रेंचमध्ये बरंच काही बोलला. सत्कार नव्हता. मी हरवलो तर म्हणून सुनेनं माझ्या कोटाच्या खिशात मुलाच्या नंबराची चिठ्ठी ठेवलेली. बाईंनी ती काढून मुलाला फोन लावला. तो ऑफिसातून लॅपटॉपच्या बॅगेसकट धावत आला.

"बाबा, काय केलंत?"

"काही नाही रे. थोडा छोटा केला."

"त्यांचा सिनेमा आहे तो!"

"जत्रेत तर आम्ही..."

"ही जत्रा नाहीये! ते विचारतायत, का गाळलात?"

"सांग, पब्लिक उठून गेलं असतं."

मुलानं इंग्रजीत सांगितलं. डायरेक्टरनं नाही अशी मान हलवली.

"म्हणतायत, पब्लिक तर बसलेलं होतं. खरं कारण सांगा."

थाप मारायलाही भाषा लागते, आणि ती सगळी मुलाकडे.

"सांग... मला बघवेना. तो सारखा दाराकडं बघतो. ते मी घरी चार दिवस करतो. बुधवारी तरी सुट्टी पाहिजे."

मुलानं बॅगेचा पट्टा उगाच सारखा केला.

"सांग की," मी म्हटलं.

त्यानं सांगितलं. फार थोडक्यात सांगितलं असावं. डायरेक्टर खोक्यावर बसला आणि हातानं खूण केली: लाव.

रिकाम्या हॉलमध्ये मी चौथा डबा लावला. आम्ही केबिनच्या भोकातून बघत होतो. मुलगा वीस मिनिटं खांद्यावर बॅग तशीच घेऊन उभा. पडद्यावरच्यानं सालं गोळा केली आणि परत दाराकडं तोंड करून बसला. रीळ संपलं. डायरेक्टरनं उठून माझ्या पाठीवर एक थाप मारली. ती माफी होती की मार, मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या बुधवारपासून बाईंनी मशीन स्वतःच्या हातात घेतलं. बरोबरच होतं त्यांचं. मला एकदा डबा गाळायची सवय लागली असती तर मी उद्या सगळा सिनेमाच गाळला असता.

 पण डबा गाळला त्याच रात्री मुलगा जेवण सोडून स्पेनला घरमालकाला फोन लावत बसला. आठवड्यानं कार्ड आलं, आणि एका सकाळी टेबलावर तिसरी किल्ली, नवी कोरी. दोघं ऑफिसला गेले. मी कोट घातला, मफलर, टोपी, हातमोजे, सगळं जय्यत. आणि ऐटीत दार ओढून घेतलं.

किल्ली टेबलावरच.

सहापर्यंत जिन्यात बसलो. मुलगा आला, बघतच राहिला.

"बाबा, अहो, बेल तरी मारायची!"

"कुणासाठी? दार उघडायला घरात असतो तो म्हातारा इथं बसलाय की."