उशाची बाजू मोकळी

दर बुधवारी नॉर्मा किट्टो बादली आणि मऊ ब्रश घेऊन गावाबाहेरच्या दफनभूमीत जायची. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून हा नेम कधी चुकला नव्हता. कबरींचे दगड धुवायचे ते साध्या पाण्यानंच. कुणी साबणाचं नाव काढलं, तर त्याची खैर नसे. पुसट नावं वाचून वाचून तिनं वहीत सगळ्या कबरींचा नकाशा काढला होता. तेहतीस जागा मात्र कोऱ्याच राहिल्या. तिथले लाकडी क्रूस वाळवीनं कधीच फस्त केले होते.

त्या तेहतिसांत कुठेतरी आयव्ही होती, डेस ट्रेंगोव्हची चार वर्षांची बहीण. डेस आता शहाऐंशीचा. मरायच्या आत तिच्या उशाशी नावाचा दगड बसवायचा, हा त्याचा ध्यास. घडवलेला दगड त्याच्या शेडमध्ये वाट बघत पडला होता.

"आईनं तिच्याभोवती लिली लावल्या होत्या गं. तीनच बाजूंनी. उशाची बाजू मोकळी ठेवली, तिथं दगड येणार म्हणून," तो दर वेळी सांगायचा.

दर वेळी नॉर्मा घाईनं विषय बदलायची. अठ्ठ्याऐंशी साली गावानं मिळून दफनभूमी साफ केली, तेव्हा त्या लिली तण समजून तिनंच खणून काढल्या होत्या. वर चहा-केकसोबत शाबासकीही घेतली होती! दगड न परवडणाऱ्या माणसांची ती खूण होती, हे तिला फार उशिरा कळलं. डेसला सांगायची हिंमत काही झाली नाही.

जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, वणवा आला. गवत, कुंपण, झाडं, सगळं खाक. मार्चमध्ये नॉर्मा पुन्हा तिकडे गेली आणि फाटकातच थबकली.

काळ्या राखेतून लिली वर आल्या होत्या. पान एक नाही, नुसत्या दांड्यांवर गुलाबी फुलं. आणि सगळी ओळीनं, चौकटी धरून. मोठ्या चौकटी, मध्येच पाळण्याएवढ्या लहान. कुदळीच्या खाली उरलेले कंद इतकी वर्षं आपापलं माणूस राखत बसले होते. नॉर्मानं टोपी काढली.

तिनं डेसला फोन केला. तो दगड गाडीत टाकूनच आला.

"या वयात मला उघड्या बायका बघायला बोलावलंस होय?" तो हसला. गावात त्या बिनपानाच्या फुलांना तेच नाव आहे.

मग त्याला ती दिसली. एकच लहान चौकट, तीन बाजूंनी फुललेली. चौथ्या बाजूला नुसती राख. डेस गुडघ्यांवर बसला आणि त्या मोकळ्या जागेवर त्यानं हात ठेवला.

"डेस, त्या वेळी या लिली मीच खणल्या होत्या," नॉर्मा कशीबशी म्हणाली.

"ठाऊक आहे. कुदळ माझीच नेली होतीस ना? धार मीच लावून दिली. कशाला हवी, एवढं विचारायचंसुद्धा सुचलं नाही मला." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "चल, दगडाला हात लाव. फुलं तुडवू नकोस."