ह्याला ओल लागतीय

“पाल न्हाई ती. पालीला कोरडं चालतंय, ह्याला ओल लागतीय.” बरणीवर नखानं टकटक करत सर हे सांगायचे. प्राणिशास्त्राच्या खोलीत येणारा प्रत्येक जण, तपासणीला आलेले साहेबसुद्धा, आधी पालच म्हणायचा. मी शेजारच्या खोलीत रसायनशास्त्र शिकवायचो. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून ते वाक्य मलाच पाठ झालं होतं.

आमचं कॉलेज बीदरचं, नौबादेतलं. सरांच्या फळीवर, मेलेले प्राणी टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले दोन सॅलॅमँडर होते, दिसायला पालीसारखे पण बेडकाच्या गोतातले. एक पट्ट्यापट्ट्यांचा टायगर, दुसरा फिकट ॲक्सोलॉटल, मानेशी कल्ल्यांचे झुबके असलेला.

“भाऊभाऊच हे,” सर सांगत. “टायगर मोठा झाला की कल्ले टाकतोय, पाण्याबाहेर निघतोय, कुठंबी निभावतोय. त्याची काळजी न्हाई. हे दुसरं जन्मभर लेकरूच राहतंय, तळं सोडत न्हाई. आन् तिकडं मेक्सिकोत त्याचं तळंच संपायलंय. जगभर काचेच्या पेटीत पाळलेत, घरी मात्र शोधून सापडंना.”

पुण्याची चालून आलेली नोकरी सरांनी नाकारली होती. मी चेष्टेनं म्हणालो, “सर, तुमी दुसऱ्या बरणीतले.”

“व्हय की,” म्हणाले आणि कामाला लागले.

खंडेनवमीला सगळं कॉलेज यंत्रांना हळदकुंकू लावतं. सर बौद्ध, ते पूजा करत नसत. त्या दिवशी ते बरण्या उघडायचे आणि उडून गेलेलं फॉर्मॅलिन भरून काढायचे. द्रावण मी करून द्यायचो. बाहेर नारळ फुटायचे, आत आम्ही दोघं झोंबणारे डोळे पुसत बसायचो. “अण्णा, झाली आपली पूजा,” सर मला म्हणायचे.

मग पोरं यायची थांबली. यंदा प्रवेश झाले नाहीत तर विभाग बंद, असं वरून सांगण्यात आलं. सर कमठाण्याला गेले, खटकचिंचोळीला गेले, घरोघर हिंडले. मराठी, कन्नड, दखनी, दारात जी भाषा भेटेल ती बोलले. मीही सोबत होतो. एका घरच्या अक्कानं विचारलं, “पालीवर शिकून काय मिळतंय, सर?”

त्या दिवशी त्यांनी तिला दुरुस्त केलं नाही. चहा पिऊन उठले.

कुणी आलं नाही. विभाग बंद झाला. उन्हाळ्यात सर झोपेतच गेले. लोक हार्टचं कारण सांगतात. मला ते अजून पटलेलं नाही.

परवा खंडेनवमीला सवयीनं द्रावण करून मी त्या खोलीत गेलो. आता तिथं कॉम्प्युटर आहेत, प्रत्येकाला झेंडूची माळ घातलेली. फळी नव्हती. शिपायाला विचारलं.

“त्या पाली व्हय? पुरून टाकल्या की. वास यायलता.”

टेबलावर उंच बरणीत उरलेली फुलं खोचली होती. बरणी धुतली होती, पण चिठ्ठी निघाली नव्हती. सरांचंच अक्षर: ‘ॲक्सोलॉटल. मूळ ठिकाणी अतिसंकटग्रस्त.’ फुलं माना टाकायला लागली होती. आत पाणी घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मी फॉर्मॅलिन खाली ठेवलं, नळावरून पाणी आणून बरणीत ओतलं आणि शिपायाला म्हणालो, “पाल नव्हती ती.”